दुबळ्या बाजूचे विजय

भोपाळ आणि विजय हे दोन शब्द एकत्र उच्चारले, की मराठी मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो थोरला बाजीराव. सन १७३७ च्या डिसेंबरात निजामुल्मुल्क दिल्लीहून मोठी फौज व भारी तोफखाना घेऊन माळव्यात उतरला आणि भोपाळच्या आसऱ्याला जाऊन बसला. बाजीरावांची फौज चपळ होती, शूर होती. परंतु तोफांच्या बाबतीत ती निजामापुढे उणी होती, हे उघड होते. बाजीरावांनी त्या तोफांशी समोरासमोर झुंज घेतलीच नाही. त्यांनी रसद तोडली, वाटा अडवल्या, आणि तिकडे तापीच्या बाजूस चिमाजी अप्पांनी दक्षिणेतून येऊ पाहणारी कुमक रोखून धरली. निजामाच्या तोफा जागच्या जागी राहिल्या आणि छावणीत धान्याची टंचाई पडली. जानेवारी १७३८ मध्ये भोपाळनजीक दुराहा सराई येथे तह झाला, माळवा मराठ्यांकडे आला व युद्धखर्चाचे ५० लक्ष रुपये देण्याचे निजामाने कबूल केले.

क्रिकेटच्या खेळाविषयी लिहावयास बसलेल्या आम्हांस ही लढाई आठवावी, याचे वाचकांस कदाचित नवल वाटेल. पण एकदिवशीय क्रिकेटमध्ये जेव्हा जेव्हा दुबळ्या समजल्या गेलेल्या संघाने बलाढ्य संघाला लोळवले आहे, तेव्हा तेव्हा बहुधा हाच प्रकार घडलेला दिसतो. बलवानाचे जे मुख्य शस्त्र, त्याच्याशी दुबळ्याने सामना केला नाही. ते शस्त्र निरुपयोगी होईल अशा जागी त्याने लढाई नेली.

भोपाळ हे तसे हॉकीचे नगर. सन १९७५ च्या क्वालालंपूर येथील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारत मलेशियाविरुद्ध पिछाडीवर असता, सामना संपण्यास थोडाच अवधी उरला असताना, ज्या अस्लम शेर खान यांनी बरोबरीचा गोल केला, ते याच नगराचे. क्रिकेटला भोपाळने दिलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे मन्सूर अली खान पतौडी. ५ जानेवारी १९४१ रोजी त्यांचा जन्म येथे झाला. भोपाळचे अखेरचे नवाब हमीदुल्ला खान हे त्यांचे आजोबा. विसाव्या वर्षी मोटारीच्या अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेला हा तरुण एकविसाव्या वर्षी, १९६२ मध्ये, भारताचा कर्णधार झाला, आणि १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातील पहिली कसोटी मालिका जिंकली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्या मालिकेत वेलिंग्टन येथे अजित वाडेकरांनी शतक ठोकले व बापू नाडकर्णींनी एका डावात ६ गडी बाद केले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विसरू नये. पुढे १९७१ मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने कर्णधारपद पतौडींकडून वाडेकरांकडे आले, आणि वेस्ट इंडीजच्या त्या दौऱ्यात मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२ धावा करून भारताला वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला कसोटी विजय व पहिली मालिका मिळवून दिली. गोव्याच्या मातीतून आलेल्या एका फलंदाजाने कॅरिबियन बेटांवर जाऊन सोबर्स यांच्या संघास नमवावे, ही कोंकणी मायबोलीच्या घरांत अद्याप अभिमानाने सांगितली जाणारी कथा आहे, आणि ती सांगितली जावीच.

तथापि कसोटी सामना हा निराळा खेळ आहे. पाच दिवस दुबळ्याने बलवानाशी झुंजायचे म्हणजे दुबळेपण कोठे ना कोठे उघडे पडावयाचेच. मर्यादित षटकांच्या सामन्यात काळ थोडा असतो, अनिर्णित राहण्याची पळवाट नसते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक गोलंदाजाला षटकांची मर्यादा असते. सन १९८३ च्या विश्वचषकात डाव ६० षटकांचा होता व एका गोलंदाजाला १२ षटकेच टाकता येत. म्हणजे चार भयंकर गोलंदाज जवळ असले तरी उरलेली १२ षटके कोणा पाचव्याला टाकावीच लागणार. या साध्या नियमात दुबळ्याला शिरण्यासाठी एक फट ठेवलेली आहे.

भारताची या खेळातील सुरुवात लाजिरवाणी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. १३ जुलै १९७४ रोजी लीड्स येथे वाडेकरांच्या नेतृत्वाखाली पहिला एकदिवशीय सामना खेळला गेला. स्वतः वाडेकरांनी ६७ धावा केल्या, तरी पराभव झाला. पुढच्या वर्षी पहिल्या विश्वचषकात इंग्लंडच्या ३३४ धावांपुढे भारताने ६० षटकांत अवघ्या १३२ धावा केल्या, आणि सुनील गावस्कर आरंभापासून अखेरपर्यंत खेळून १७४ चेंडूंत ३६ धावांवर नाबाद राहिले. सन १९७९ मध्ये तर तिन्ही सामने गेले. त्यांतला एक श्रीलंकेने जिंकला, आणि तेव्हा श्रीलंकेस कसोटीचा दर्जाही मिळालेला नव्हता! दुबळ्यांच्या विजयाच्या कथा सांगताना आपणच पराभूत बलवान होतो तो हा प्रसंग आपण सोयीस्करपणे वगळतो. पण श्रीलंकेच्या घरी ही कथा निराळ्या सुरात सांगितली जात असेल, आणि तो सूर खोटा म्हणता येणार नाही.

अशा इतिहासाचे ओझे घेऊन कपिल देव यांचा संघ १९८३ च्या जूनमध्ये इंग्लंडात उतरला. त्या संघात गावस्कर, दिलीप वेंगसरकर, संदीप पाटील व रवी शास्त्री हे मुंबईकर होते. बलविंदर संधू हेही मुंबईचेच. वेस्ट इंडीजने तोवर विश्वचषकात एकही सामना गमावलेला नव्हता. एक शकुन मात्र आधीच दिसला होता. त्याच वर्षी २९ मार्च रोजी गयानातील बर्बिस येथे भारताने वेस्ट इंडीजला त्यांच्याच भूमीवर २७ धावांनी हरवले होते, आणि त्यात गावस्करांच्या ९० व कपिल यांच्या ३८ चेंडूंतील ७२ धावा होत्या. जगाने त्या निकालाकडे लक्ष दिले नाही, पण खेळाडूंनी दिले असावे, असे आम्हांस वाटते. एकदा पाडलेला मल्ल पुन्हा अजिंक्य वाटत नाही.

९ जून रोजी स्पर्धा सुरू झाली, आणि त्याच दिवशी नॉटिंगहॅम येथे नवख्या झिंबाब्वेने ऑस्ट्रेलियास १३ धावांनी हरवले. कर्णधार डंकन फ्लेचर यांनी नाबाद ६९ धावा केल्या व चार गडीही टिपले. इकडे मँचेस्टरला भारताने यशपाल शर्मांच्या ८९ धावांच्या बळावर २६२ धावा उभारल्या व वेस्ट इंडीजची अवस्था ९ बाद १५७ अशी केली. मग शेवटच्या जोडीने, रॉबर्ट्स व गार्नर यांनी, ७१ धावा जोडून सर्वांच्या पोटात गोळा आणला. शेवटी शास्त्रींच्या चेंडूवर किरमाणींनी गार्नर यांस यष्टिचीत केले आणि भारत ३४ धावांनी जिंकला.

येथून सरळ विजयपथ सुरू झाला असे कोणी समजू नये. ऑस्ट्रेलियाने भारताचा १६२ धावांनी फडशा पाडला, आणि दुसऱ्या गाठीत वेस्ट इंडीजने सूड घेतला. त्या सामन्यात मार्शल यांचा चेंडू हनुवटीवर लागून वेंगसरकर जखमी झाले व उरलेल्या स्पर्धेस मुकले. १८ जून रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेसमोर भारताचा डाव ४ बाद ९, मग ५ बाद १७ असा कोसळला. गावस्कर व श्रीकांत दोघेही भोपळा न फोडता परतले होते. त्यानंतर कपिल देव यांनी १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या, त्यांत १६ चौकार व ६ षटकार होते. किरमाणींसह नवव्या गड्यासाठी अभंग १२६ धावांची भर घातली आणि सामना ३१ धावांनी जिंकला. त्या दिवशी त्या खेळीचे चित्रण झाले नाही. आम्हांस यात हानी वाटत नाही. आपल्या पुराणकथा चित्रणावाचूनच टिकल्या, आणि ही खेळीही सांगण्या-ऐकण्यातूनच वाढली. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: त्या सकाळी झिंबाब्वे दुबळा होता व भारत बलवान, आणि ५ बाद १७ च्या क्षणी ही वाटणी उलटली होती. दुबळेपण हे कोणा संघाच्या कपाळी कोरलेले नसते.

उपांत्य सामन्यात इंग्लंडचे २१३ धावांचे आव्हान भारताने सहा गडी राखून पार केले. यशपाल शर्मांनी ६१ धावा केल्या, आणि संदीप पाटील यांनी ३२ चेंडूंत नाबाद ५१ धावा करून जो घणाघात केला, त्याने मँचेस्टरची मंडळी चकित झाली.

आता २५ जूनचा अंतिम सामना. भारताचा डाव १८३ धावांत आटोपला. रॉबर्ट्स, गार्नर, मार्शल व होल्डिंग या चौघांनी मिळून ४२ षटके व चार चेंडू टाकले आणि केवळ १०६ धावा दिल्या. पण नियमाची ती फट येथे उपयोगी पडली. उरलेली १२ षटके गोम्स व रिचर्ड्स यांना टाकावी लागली आणि त्यांत भारताने ५७ धावा काढल्या. सामना जिंकला तो ४३ धावांनी. हा हिशेब मांडला की चौघा तोफांपुढे मान तुकवून उभे राहिलेल्या आणि पाचव्याची वाट पाहणाऱ्या फलंदाजांचे मोल कळते. श्रीकांतांच्या ३८ ही उभय संघांतील सर्वोच्च धावसंख्या ठरावी, यावरून ते मैदान कसे असेल याची कल्पना यावी.

वेस्ट इंडीजच्या डावात संधूंचा एक चेंडू ग्रीनिज यांनी बाहेर जाणार म्हणून बॅट उचलून सोडला. तो आत वळला व यष्टी घेऊन गेला. मग रिचर्ड्स आले आणि भराभर ३३ धावा काढून सामना लवकर संपवण्याच्या बेतात दिसले. मदनलाल यांच्या चेंडूवर त्यांनी उंच टोला मारला, आणि कपिल देव यांनी पाठमोरे मागे धावत जाऊन तो झेल घेतला. ५७ वर तिसरा गडी, ७६ वर सहावा. ड्यूजों व मार्शल यांनी ११९ पर्यंत झुंज दिली, तेव्हा मोहिंदर अमरनाथ यांच्या हाती चेंडू आला. अमरनाथ यांचा वेग असा की एखाद्या गल्लीतल्या मुलासही त्याचे भय वाटू नये. त्यांनी सात षटकांत १२ धावा देऊन तीन गडी घेतले व सामना १४० वर संपवला. त्या स्पर्धेत सर्वाधिक, १८ गडी बाद करणारे रॉजर बिन्नी हेही मध्यमगतीचेच. वेगाला वेगाने उत्तर न देता, हवेत किंचित हलणाऱ्या संथ चेंडूंनी बलवानाच्या अधीरतेला खतपाणी घालावयाचे, ही ती युक्ती. दुराहा सराईच्या तहाची आठवण आम्हांस होते ती येथे.

या विजयाच्या मागे आपल्या प्रांतातील एक गृहस्थ होते. क्रिकेट नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. के. पी. साळवे यांचा जन्म छिंदवाड्याचा, आणि १९६७ ते १९७७ या काळात त्यांनी लोकसभेत बैतूलचे प्रतिनिधित्व केले होते. पुढे त्यांचे नाव नागपूरशी जोडले गेले. अंतिम सामन्यासाठी त्यांनी आणखी दोन तिकिटे मागितली असता लॉर्ड्सच्या यजमानांनी नकार दिला. ही गोष्ट त्यांच्या मनास लागली आणि त्यांनी ही स्पर्धा इंग्लंडबाहेर नेण्याचा चंग बांधला. सन १९८७ चा विश्वचषक भारत व पाकिस्तान यांनी मिळून भरवला, त्याचे मूळ या दोन तिकिटांत आहे.

मंडळाच्या तिजोरीत तेव्हा खेळाडूंना देण्याजोगे द्रव्यही नव्हते. ती उणीव लता मंगेशकर यांनी भरून काढली. दिल्लीत त्यांनी गाण्याचा कार्यक्रम केला, त्याच्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूस एक लक्ष रुपये देण्यात आले. इंदूर येथे जन्मलेल्या व ज्यांचे घराणे श्रीमंगेशाच्या पायांशी वाढले अशा या गायिकेने जगज्जेत्यांचा सत्कार स्वतःच्या कंठाने करावा, यातले औचित्य आमच्या देवस्थानांशी जोडलेल्या वाचकांस विशेष सांगावयास नको.

आणि त्यानंतर काय झाले? त्याच वर्षी हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला व पाचही एकदिवशीय सामने जिंकून गेला. त्यांतला एक १ डिसेंबर रोजी इंदूरला झाला. जून महिन्यात पेढे वाटलेल्या माळव्याच्या लोकांनी सहा महिन्यांच्या आत तो पराभव आपल्या डोळ्यांनी पाहिला. लॉर्ड्सचा विजय केवळ नशिबाचा, असे म्हणणाऱ्यांना या मालिकेने मोठा आधार दिला. आमचे मत निराळे आहे. ज्या संघाने एका स्पर्धेत वेस्ट इंडीजला दोनदा, आणि ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांना प्रत्येकी एकदा हरवले, त्याच्या यशाला नशीब म्हणणे हा आळशी विचार आहे. पण दुबळ्याचा विजय त्याला लगेच बलवान करीत नाही, हेही तितकेच खरे. त्या विजयाचे पुढे काय करावयाचे, हे घरी परतल्यावर ठरते.

याचा सर्वांत करुण दाखला आपल्या पुण्यात घडला. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी नेहरू स्टेडियमवर केनिया व वेस्ट इंडीज यांचा विश्वचषकाचा सामना होता. केनिया हा त्या स्पर्धेत प्रथमच उतरलेला हौशी खेळाडूंचा संघ. समोर अँब्रोज, वॉल्श व बिशप. केनियाचा डाव १६६ धावांत संपला. त्यात सर्वांत मोठा वाटा ३७ अवांतर धावांचा होता. फलंदाजांत स्टीव्ह टिकोलो यांच्या २९ सर्वाधिक. म्हणजे वेस्ट इंडीजच्या गोलंदाजांनीच जणू प्रतिपक्षाला दान दिले. मग रजब अली यांच्या गोलंदाजीवर ब्रायन लारा ८ धावांवर यष्टिरक्षक तारिक इक्बाल यांच्या हाती झेल देऊन परतले, आणि डाव पत्त्यांच्या घरासारखा ९३ धावांत ढासळला. केनिया ७३ धावांनी विजयी! कर्णधार मॉरिस ओडुंबे यांनी १५ धावांत तीन गडी घेतले होते. हिशेब केला तर येथेही तीच गोष्ट दिसते. केनियाकडे वेग नव्हता. संथ, अचूक चेंडू होते, आणि समोर त्यांना तुच्छ लेखणारे फलंदाज होते.

केनियाने पुढे २००३ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली. परंतु घरी शाळा, मैदाने, प्रांतिक स्पर्धा यांची बांधणी झाली नाही. पुण्याच्या विजयाचे नायक ओडुंबे यांच्यावर २००४ मध्ये सट्टेवाल्यांशी संबंध ठेवल्याबद्दल पाच वर्षांची बंदी आली. सन २०११ च्या विश्वचषकात केनियाने सर्व सामने गमावले आणि २०१४ मध्ये त्यांचा एकदिवशीय दर्जाही गेला. याउलट १९७९ मध्ये आपल्याला हरवणाऱ्या श्रीलंकेने पुण्याच्या त्या सामन्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत लाहोर येथे ऑस्ट्रेलियाला सात गडी राखून हरवले व विश्वचषक नेला. दोघांचा आरंभ सारखाच होता. त्यामागची मशागत सारखी नव्हती.

पराभूत बलवानाची भूमिका आपल्या वाट्यास पुन्हा आली ती १७ मार्च २००७ रोजी. पोर्ट ऑफ स्पेन येथे, जेथे सरदेसाईंच्या संघाने इतिहास घडवला होता त्याच नगरात, बांगलादेशाने भारताला १९१ धावांत गुंडाळून पाच गडी राखून हरवले. त्याच दिवशी किंग्स्टन येथे आयर्लंडने पाकिस्तानला घरचा रस्ता दाखवला. आपल्याकडे रांचीत महेंद्रसिंह धोनी यांच्या बांधकाम चालू असलेल्या घराची नासधूस झाली. १९८३ चा विजय साजरा करणाऱ्या समाजाला दुसऱ्या दुबळ्याचा विजय पाहून टाळी वाजवता येऊ नये, ही गोष्ट आम्हांस त्या पराभवाहून अधिक बोचली.

भोपाळच्या प्रांताचा स्वतःचा मोठा विजय एकदिवशीय नव्हता, पण तो वगळल्यास हा लेख अपुरा राहील. होळकरांच्या संघाने पूर्वी चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. मध्य प्रदेश या नावाने तो कधीच आला नव्हता. सन १९९९ मध्ये मुंबईकर चंद्रकांत पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार असता अंतिम सामन्यात, पहिल्या डावात आघाडी मिळूनही, बंगळूरला कर्नाटकाने तो हातातून हिरावला. २६ जून २०२२ रोजी त्याच मैदानावर, पंडित प्रशिक्षक असता, ४१ वेळा करंडक जिंकलेल्या मुंबईला मध्य प्रदेशाने सहा गडी राखून हरवले. यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार यांची शतके त्यात होती. आपल्या जन्मगावाच्या संघाचा पराभव घडवून पंडितांच्या डोळ्यांत पाणी आले, ते तेवीस वर्षांचे होते.

त्या मैदानावरून आता नवी मुंबईकडे यावे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी महिलांच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात सात वेळच्या जगज्जेत्या ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. महिलांच्या एकदिवशीय सामन्यांत एवढे लक्ष्य तोवर कोणी गाठलेले नव्हते, आणि भारतीय संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरून तेथवर आला होता. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्ज यांनी नाबाद १२७ धावा करून पाच गडी राखून तो सामना जिंकून दिला. संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार. देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावांच्या राशी घालूनही ज्यांस भारताची टोपी कधी मिळाली नाही, ते. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधार हिली यांचा त्रिफळा उडवला तो छतरपूर जिल्ह्यातील घुवारा या लहानशा गावच्या क्रांती गौड यांनी. २ नोव्हेंबरला अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव झाला, आणि भोपाळच्या राज्य शासनाने क्रांती यांस एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. सन १९८३ मध्ये चौदा जणांना मिळून जे देता आले, त्याच्या कित्येक पट ही रक्कम एकट्या घुवाऱ्याच्या मुलीची आहे.